आत्याबाईंचं विष आणि आपले तळपाय

१२ फेब्रुवारी

बर्फ्या,

पत्र फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि दारात आले तर वहिनीला पुढे करून "हे घरात नाहीत" म्हणायला लावशील. पत्राचं एक बरं असतं, त्याला मध्येच "पुरे" म्हणता येत नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईची यात फार सोय आहे.

बातमी अशी की मी माझं रक्त कोळ्यांना दिलं. प्यायला नाही रे. कोळी पाळणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथल्या संशोधक बाईंना दिलं. झालं असं की माझे पाय पुन्हा पेटले होते. दुकानात दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापायचे आणि पायाखाली ओला टॉवेल अंथरायचा, हे तर तुला माहीत आहेच. त्या दिवशी टॉवेलसुद्धा वाळून कडक झाला. मग एका नवीन डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझे लालबुंद तळवे पाहिले, हात लावला आणि म्हणाले, "निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखं होत असेल ना?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला "होत असेल ना" म्हणालं. आजवर सगळे "असं कसं होईल?" हेच म्हणत आले. मी तिथेच रडायला लागले आणि बिचाऱ्या डॉक्टरांना वाटलं, आपण जोरात दाबलं.

त्यांनीच मला या बाईंकडे पाठवलं. बाई म्हणाल्या, तुमच्या रक्तातल्या पेशींची समजूत घालून त्यांना मागे नेणार, अगदी कोऱ्या करणार, आणि मग त्यांना नस व्हायला शिकवणार. त्याला बरेच महिने लागतात. मग त्या बशीतल्या नसांवर कोळ्याचं विष टाकून बघणार. मी विचारलं, "म्हणजे माझी नस माझ्या अंगाबाहेर जळणार?" त्या म्हणाल्या, "हो, आणि तुम्ही खुर्चीत बसून बघणार." एवढी चैन आपल्या घराण्यात कुणी केली होती का?

आपल्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग लिहायचं कशाबद्दल? गेल्या वर्षी तुझ्याकडे जेवायला आले होते. तुझी बेडकी ताटावरून उठून न्हाणीघरात गेली ती येईना, म्हणून मी बघायला गेले, तर पोर ओल्या फरशीवर भिंतीला टेकून उभी, डोळे मिटलेले. नऊ वर्षांचं पोरगं, आणि चेहरा आपल्या आईचा. बाहेर येऊन मी एवढंच म्हटलं, "पोरीला माझे पाय आलेत रे." तू ताट सरकवलंस आणि म्हणालास, "ताई, तुझं खूळ तुझ्यापाशी ठेव. माझ्या मुलीला काही झालेलं नाही." त्यानंतर तुझ्या तोंडाला कुलूप.

कुलूप असू दे. मी खिडकीतून बोलत राहीन.

तुझी,
ताई

२ मे

बर्फ्या,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. तुझा राग मला पोस्टापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मी हल्ली प्रयोगशाळेत सारखी जाते. कारण सांगते. बाईंची बट सारखी डोळ्यांवर यायची आणि त्या ती फुंकर मारून उडवायच्या. मला ते बघवेना. कात्री पिशवीत होतीच. तिथल्या तिथे, जिन्याखाली खुर्ची टाकून कापले केस. आता तिथली निम्मी माणसं माझ्याकडून केस कापून घेतात आणि त्या बदल्यात मला हवं ते विचारू देतात. मी विचारते किती, ते तू ओळख.

आणि मी आत्याबाईंना भेटले. ही त्यांची सगळ्यांत मोठी कोळीण, म्हणजे मादी कोळी, माझ्या तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर केस. धंद्याने सांगते, असे दाट एकसारखे केस मी कुणाच्या डोक्यावर पाहिलेले नाहीत. आत्याबाई नाव कशावरून, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "कशावरूनही रुसते. डबा जरा हलला की पुढचे पाय वर करून उभी राहते आणि मग कितीतरी दिवस जेवत नाही." मी म्हटलं, "मी खरीखुरी आत्या आहे हो. आम्ही रुसलो तरी जेवतो."

विष काढताना मी समोर होते. आधी तिला वायू देऊन गुंगीत नेतात. मग जबड्याजवळ विजेचा अगदी हलका झटका, आणि विषदाताच्या टोकाला थेंब. थेंब कसला, दवबिंदूचं लेकरू. तो काचेच्या नळीत घेतात आणि बाईसाहेबांना परत अंधाऱ्या डब्यात नेऊन ठेवतात. जाग आल्यावर तिचा चेहरा अगदी आपल्या धाकट्या मावशीसारखा होता, लग्नात मानपान चुकल्यावरचा.

आता त्या थेंबात काय आहे ते ऐक. मला समजलं म्हणजे तुला समजेलच, शाळेत तुझे गुण जास्त होते.

नसेच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की मीठ आत घुसतं, म्हणजे मिठातला सोडियम, आणि नस ओरडते. ती ओरड मेंदूपर्यंत गेली की आपल्याला दुखतं. प्रत्येक दाराला एक पहारेकरी असतो. त्याला विजेची चाहूल लागली की तो हात वर करतो आणि दार उघडतं. बाकीच्या माणसांचा पहारेकरी चांगला ढिम्म असतो, खरंच काही भाजल्या-टोचल्याशिवाय हात उचलत नाही. आपला पहारेकरी भित्रा. चपलेची ऊब लागली, उठला. चार पावलं भरभर चाललो, उठला. गोधडी पायावर आली, उठला. आणि एकदा उठला की लवकर बसत नाही. एवढंच आहे बघ सगळं. आई, तिची ती बादली, लोकांचं "हिला पाण्यात पाय घालून भाजी चिरायची भारी हौस" हे टोमणे, सगळं या एका भित्र्या पहारेकऱ्यामुळे. हे आईच्या मनाचे खेळ नव्हते, माझ्याही नाहीत.

आणि आत्याबाईंच्या विषात एक इवलंसं प्रथिन असतं, स्वतःलाच गाठ मारून घट्ट बसलेलं. ते जाऊन त्या पहारेकऱ्याचा हात खालीच धरून ठेवतं. त्याला उठताच येत नाही. दार बंदच राहतं. ती हे आपल्यासाठी करत नाही म्हणा, तिला तिचा किडा लुळा पाडायचा असतो. विषात असले शेकडो प्रकार असतात. काही पहारेकऱ्याला सोडून सरळ दारातच बोळा बसवतात, काही उलट दार उघडंच अडकवून ठेवतात, मग किडा थरथरून मरतो. बाईंचं सगळं काम त्या गर्दीतून हवा तो एक शोधायचं.

मी लगेच म्हटलं, "मग द्या की एक थेंब माझ्या पायावर!" त्या म्हणाल्या, "ही दारं नऊ भावंडं आहेत, दिसायला एकसारखी. एक नसेत, एक हृदयात, एक स्नायूंत. चुकीच्या भावंडाचा हात धरला तर पाय दुखायचे थांबतील, पण तुम्हीही थांबाल." म्हणून हे अजून औषध नाही. किती वर्षांनी होईल, होईल की नाही, ते त्याही सांगत नाहीत. मला त्यांचं हे फार आवडलं. गोड बोलणारे डॉक्टर मी खूप पाहिलेत.

बेडकीचे पाय कसे आहेत? हे विचारलं नाही असं समज.

ताई

१८ ऑगस्ट

बर्फ्या,

आज मी इतकी हसले की बाईंनी मला बाहेर काढलं.

माझ्या नसा तयार झाल्या. बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली, कोळिष्टकासारख्या पसरलेल्या. माझ्या! आज पहिली परीक्षा होती. तांब्याच्या जाळीचा एक पिंजरा असतो, बाहेरची वीज आत येऊ नये म्हणून. त्यात बशी. मग काचेची एक सुई. तिचं तोंड इतकं बारीक की केसाच्या कापलेल्या टोकावर तशी शेकडो मावतील. ती सुई नसेला टेकवायची आणि तिला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हळूच हवा ओढायची, की सुई पेशीला घट्ट चिकटते. एवढी महागडी यंत्रं, आणि शेवटचं काम ओठांनी! त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. माझी काय अवस्था झाली असेल, विचार कर.

सुई चिकटली. पिंजऱ्याच्या वर एक स्पीकर आहे, नस ओरडली की तो तडतडतो. आम्ही वाट बघतोय. आणि एकदम आवाज आला, ट्रर्र ट्रर्र ट्रर्र! पडद्यावर रेघ थयथयाट करायला लागली. बाई ओरडल्या, "बघा, बघा!" मी ओरडले, "ही मीच! मी अशीच ओरडते!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मग बाई सावकाश बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "तुमची पर्स कुठे आहे?"

पर्स पिंजऱ्याला टेकलेली होती. आणि तिच्यात माझा फोन मुका करून ठेवलेला, येणाऱ्या कॉलने थरथरत होता.

बाहेर पाटी आहे, मोठ्या अक्षरांत, फोन आत आणू नये. त्या पाटीखाली बसूनच तर मी सगळ्यांचे केस कापते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

फोन तुझ्या नंबरवरून होता. तू केलेला नव्हतास, हे मला माहीत आहे. वर्षभरात पहिल्यांदा तुझं नाव दिसलं म्हणून मी बाहेर जाऊन परत फोन लावला, आणि जे बोलणं झालं ते सध्या पोटात ठेवते. ज्याने फोन केला त्याला, किंवा जिने केला तिला, तू एक शब्दही रागावून बोलायचा नाहीस. बोललास तर मी स्वतः येईन, आणि येताना आत्याबाईंना डब्यात घालून आणीन.

खरी परीक्षा चार-पाच दिवसांनी. पर्स दुकानात ठेवून जाणार आहे.

ताई

२३ ऑगस्ट

माझ्या धाकट्या,

आज थट्टा थोडी कमी करते.

ऐकला मी माझ्या नसेचा आवाज. खरा. आधी तुरळक होता, तड... तड. मग बाईंनी बशीतलं पाणी जरा कोमट केलं, आपल्याला बुटात होईल तेवढंच. आणि तडतड सुरू झाली ती थांबेना, एकात एक मिसळलेली. शेजारच्या बशीत एका निरोगी माणसाच्या नसा होत्या, त्यांनी त्याच कोमट पाण्याला हूं की चूं केलं नाही. खोलीत आम्ही तिघं-चौघं होतो आणि सगळ्यांना ऐकू येत होतं. तुला कळतंय का मी काय म्हणते? आजवर ही आग फक्त मला ऐकू यायची. आज चार परकी माणसं मान खाली घालून ती ऐकत होती, आणि कुणीही "मनाचे खेळ" म्हटलं नाही.

मग बाईंनी विष सोडलं. थेंबही नाही, थेंबाचा अंश. तड तड तड... तड... आणि मग शांत. पाणी कोमटच होतं, नस जिवंत होती, आणि ती शांत बसली. मी पुन्हा रडले, पण हसत हसत. नंतर त्यांनी ते धुऊन टाकलं तर बऱ्याच वेळाने नस परत कुरकुरायला लागली. मी म्हटलं, "आली वळणावर."

केस कापून घेणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंना आज जास्तीचा किडा मिळाला. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

हे सगळं आटोपल्यावर बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, आईला होतं. आणि माझ्या भाचीला आहे, भावाच्या मुलीला. त्या म्हणाल्या, "आणि भावाला?" मी म्हटलं, छे, तो ठणठणीत आहे. त्यांनी कागदावर एकाखाली एक तीन गोल काढले. मग म्हणाल्या, "हा दोष आईकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे जातो. आजीकडून नातीकडे उडी मारत नाही. मध्ये कुणीतरी हवं."

मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. आणि एकेक गोष्ट पायाखाली आल्यासारखी उमगत गेली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत गोधडीबाहेर पाय काढून झोपणारा कोण? तू. सगळ्या जगात नोकऱ्या पडलेल्या असताना बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसला कोण? आम्ही तुला बर्फ्या म्हणून हसलो, आणि एकालाही सुचलं नाही की माणूस तिथे का गेला असेल! आणि आपल्या लहानपणची न्हाणीघरातली बादली. मी पाय घालायला जायचे तेव्हा पाणी नेहमी थोडं कोमटलेलं असायचं. मला वाटायचं, आई आत्ताच उठून गेली. आई नसायची ना रे तिथे. तू असायचास.

बाबा म्हणायचे, ही बायकांची दुखणी. ते ऐकून तू ओठ शिवलेस, मला कळतं. पण ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवशील? तुझ्या गमबुटांत तू बर्फाचे तुकडे भरतोस, हे मला फोनवर कळलं. हो, बेडकीनेच सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, बाबा कारखान्यातून आले की बुटातून पाणी ओततात. मी विचारलं तर म्हणाले, गळतं ग वरून." आणि मग म्हणाली, "आत्या, मी खोटारडी आहे का?"

शाळेत धावण्याच्या शर्यतीत तिने मध्येच बूट काढून फेकले आणि नळाखाली जाऊन उभी राहिली. वर्गाच्या बाई सगळ्यांसमोर "नाटकी" म्हणाल्या. घरी येऊन तिने तुला सांगितलं, आणि तू म्हणालास, "काही होत नाही, सवय कर." तेव्हा तुझे स्वतःचे पाय बुटात जळत होते. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली असती, पण ती रोजच जाते. मला राग आलाच नाही. मला तुझी एवढी माया आली की वाटलं, उठून यावं आणि लहानपणीसारखं तुझं डोकं मांडीवर घ्यावं.

मला तुझ्याकडून रक्त नको, माफी नको. एक वाक्य हवं, तेही माझ्यासाठी नाही. पोरीजवळ बस आणि सांग, "माझेही जळतात." कोळ्याचं औषध यायचं तेव्हा येईल. हे औषध आज तुझ्या तोंडात आहे.

आणि बर्फ बंद कर, मूर्खा. डॉक्टर म्हणतात बर्फाने कातडी सडते. गार पाणी, पंखा, पाय उंच. जुन्या गोळ्यांपैकी एखादी कुणाकुणाला लागू पडते, तेही बघू म्हणालेत. पण त्यासाठी माणसाने आधी कबूल तर करायला हवं.

बुधवारी मी दिवसभर प्रयोगशाळेत आहे. जिन्याखाली, खुर्चीपाशी.

ताई

३० ऑगस्ट

बर्फ्या,

तू गेलास आणि मला सुचेना, म्हणून परत लिहायला बसले. काल समोर होतास, तरी पत्रात तुझ्याशी बोलायची सवय लागली आहे.

काल जिन्याच्या वर तुझे बूट दिसले तेव्हा माझ्या हातातली कात्री थांबली. ज्याचे केस कापत होते त्या पोराचा एक कान अजून झाकलेलाच आहे, त्याने तक्रार केली नाही. तू एकेक पायरी जपून उतरलास. बेडकी मात्र तुझा हात सोडून धावत आली आणि पहिलाच प्रश्न, "आत्याबाई कुठे आहे? तू नाही, ती दुसरी." बाप तसा बेटा म्हणतात, इथे आत्या तशी भाची.

बाईंनी तुला विचारलं, "कधीपासून?" तू फरशीकडे बघितलंस. मग म्हणालास, "कळायला लागल्यापासून." इतक्या हळू, की नळी ओठात धरतात त्या वेळची शांतता झाली. बेडकी डब्यापाशी होती, ती वळली. "बाबा, तुमचेपण?" तू मान हलवलीस. "जळतात?" "हो ग, जळतात. माझेही जळतात."

आणि पोरीने काय करावं? मला वाटलं रडेल. तिने टाळी वाजवली! खाली बसून आपले बूट काढले, मोजे काढले, आणि तुला म्हणाली, "मग काढा की!" किती वर्षांनी पाहिले मी तुझे पाय. बर्फाने खाल्लेली बोटं मी एकेक करून पाहिली. पण त्या गार फरशीवर आपण तिघं ओळीने बसलो, सहा लालेलाल तळपाय पुढे करून, आणि बाई म्हणाल्या, "घराणं ओळखायला रक्त कशाला हवं?" तेव्हा तू हसलास. मोठ्याने. तो आवाज मी विसरले होते रे. रक्तही दिलंस, आणि वर सुई बघून डोळे मिटलेस, बर्फाच्या लाद्या उचलणारा पहिलवान!

तर आता कामाचं. तुझे बूट इथेच राहिले, जिन्याखाली. बाई विचारत होत्या, पाठवायचे का. मी म्हटलं, राहू देत. एकात कुठल्याशा साध्या घरगुती कोळ्याने जाळं विणायलाही घेतलंय, त्याला कशाला उठवा.

पण तू माझ्या पिशवीतल्या गुलाबी सपाता घालून गाडीत बसलास, त्या मला हव्या आहेत, असं मी काल रात्रीपर्यंत म्हणत होते. सकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, तू त्याच सपाता घालून कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलास. फाटकावरचा पहारेकरी पोट धरून हसला, "साहेब, हे काय पायात?" आणि तू, म्हणे, थांबलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, "पाय जळतात माझे. मुलीचेही जळतात."

सपाता ठेव तुझ्याकडेच. बेडकीच्या मापाचा आणखी एक जोड घेते आहे, तिला रंग कोणता हवा ते विचारून सांग. आता फोन उचलतोस, तेव्हा फोनवरच सांग.

तुझी,
ताई